शेपटीपासून मिशांपर्यंत: घरच्या मांजराची देहबोली कशी वाचायची

त्या रात्री आमचा बोका तांबू माझ्या पायाशी बसून घुरघुरत होता. जानेवारीचा महिना. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरला की आमच्या नाशिकच्या इंदिरानगरातही हाडं गोठतात. चारही पाय पोटाखाली घेऊन, मान खाली टाकून तो बसलेला बघून मला वाटलं, गारठलाय. मी त्याच्यावर जुनी शाल टाकली. थोड्या वेळाने तो उठला, लिटर ट्रेमध्ये जाऊन बसला आणि तसाच बाहेर आला. परत गेला, परत आला. पाचव्यांदा गेला तेव्हा मी वाकून बघितलं. रेती कोरडी ठणठणीत होती.

डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि म्हणाले, "लघवी तुंबलीय. मूत्राशय दगडासारखं झालंय." नळी घालून त्यांनी त्याला मोकळं केलं आणि तांबू वाचला. पण आदल्या दुपारपासून तो मला सांगत होता आणि मला कळत नव्हतं. घुरघुरतंय म्हणजे मांजर खुशीत आहे, एवढंच मला येत होतं. घरात बोका असेल आणि तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसून रिकामाच उठत असेल, तर हा लेख इथेच सोडा आणि आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. बाकीच्यांनी पुढे वाचा.

माझं बालपण तिळभांडेश्वर लेनमधल्या वाड्यात गेलं. तिथे मांजर नावाला आपलं असे. माळवदावरून कौलांवर, कौलांवरून शेजारच्या चौकात. एखादी गोष्ट पटली नाही की ते उठून चालतं व्हायचं आणि विषय तिथेच मिटायचा. आता वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या, आपण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आलो आणि मांजरही आलं. त्याला उठून जायला जागाच उरली नाही. म्हणून ते आता अंगाने जास्त बोलतं आणि आपण ते ऐकलं नाही की नाइलाजाने नख मारतं. "आमचं मांजर अचानक चावलं" असं कोणी सांगितलं की मी विचारते, शेपूट कशी होती? बहुतेकांनी शेपटीकडे बघितलेलंच नसतं.

आधी आठ दिवस नुसतं बघा

पहिल्याच दिवशी अर्थ लावायला बसू नका. एक वही घ्या. मांजर सकाळी कुठे बसतं, कसं झोपतं, ओट्यावर एका उडीत चढतं की आधी स्टुलावर, तुम्ही आलात की शेपूट कशी धरतं, ट्रेमध्ये दिवसातून किती वेळा जातं, खाणं किती संपवतं, हे लिहा. रोज चार ओळी पुरतात.

हे करायचं कारण असं, की प्रत्येक मांजराची तऱ्हा वेगळी. आमच्या दुसऱ्या मांजरीची, खारीची, शेपूट जन्मापासून शेंड्याला मुरडलेली आहे. नव्या माणसाला वाटतं, किती प्रेमाने आकडा करून आली! तो आकडा तिच्या हाडातच आहे. तिची खुशी बघायची तर शेपटीच्या बुडाकडे बघावं लागतं. रोजचं मांजर डोळ्यांत पक्कं बसलं, की बदललेलं मांजर लगेच दिसतं. दुखणं ओळखायलाही याहून चांगली युक्ती मला सापडलेली नाही.

दुसरं म्हणजे, एकाच अवयवावरून निकाल देऊ नका. आधी आजूबाजूला काय चाललंय ते बघा, मग सगळं अंग, मग शेपूट, कान, डोळे. चारही गोष्टी एकच सांगत असतील तर तुमचा अंदाज बरोबर. दोन एक सांगतायत आणि दोन वेगळंच, तर मांजर दुविधेत आहे. अशा वेळी हात मागे ठेवा.

शेपूट

उभी ताठ शेपूट, शेंड्याला हलकासा बाक: हा नमस्कार आहे. पिल्लं आईकडे अशीच धावतात आणि मोठी झालेली मांजरं ज्यांच्याशी जमतं त्यांच्याजवळ अशीच येतात. तुम्ही कुलूप उघडून आत शिरलात आणि मांजर शेपटीचा झेंडा करून आलं, तर पिशव्या खाली ठेवा आणि दोन शब्द बोला. त्याने तुम्हाला आपल्यातलं मानलंय.

उभी शेपूट कधी कधी बुडापासून थरथरते. समोर तुम्ही असाल तर तो आनंद. पण मांजर भिंतीकडे किंवा पडद्याकडे पाठ करून उभं असेल आणि शेपूट तशीच थरथरत असेल, तर पुढच्या क्षणी तिथे लघवीची चिळकांडी उडणार. खच्चीकरण न झालेले बोके हद्द आखायला हे करतात. नसबंदी केलेल्या मांजराने नव्याने हे सुरू केलं, तर घरात त्याला कसली तरी धास्ती वाटते आहे किंवा मूत्रमार्गाचं दुखणं आहे, असं धरून तपासून घ्या.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हलणाऱ्या शेपटीचा. कुत्रा शेपूट हलवतो तेव्हा बहुधा खूश असतो, ती सवय आपल्या डोळ्यांना जडलेली. मांजराचं तसं नाही. नुसता शेंडा वळवळत असेल तर ते कशावर तरी एकाग्र झालंय किंवा जरासं चिडलंय. पूर्ण शेपूट इकडून तिकडे जोरात आपटत असेल, तर राग आलाय, लांब व्हा. मांडीवर बसलेल्या मांजराची शेपूट आपटायला लागली की तिथेच हात थांबवायचा.

शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी फुगली की मांजर घाबरलंय. पाठीची कमान करून, अंग आडवं धरून ते उभं राहतं, म्हणजे समोरच्याला दुप्पट मोठं दिसावं. लोक याला माज समजतात, आणि आत ते थरथरत असतं. शेपूट पोटाखाली गेली तर भीती याहूनही जास्त. आणि बसलेलं मांजर शेपूट पायांभोवती घट्ट लपेटून घेत असेल, तर बहुधा त्याला कोणी जवळ यायला नकोय.

कान

अंगात सगळ्यात आधी बदलतात ते कान. म्हणून घाई असेल तेव्हा मी फक्त कानच बघते.

टवकारलेले, पुढे वळलेले कान म्हणजे कुतूहल. एक कान पुढे आणि एक मागे असेल तर कुठला तरी आवाज चाललाय आणि ते तपास करतंय. दोन्ही कान विमानाच्या पंखांसारखे बाजूला पडायला लागले, तर त्याला काहीतरी खुपतंय. ही पायरी ओळखायला शिका, कारण इथे थांबलात तर पुढचं सगळं टळतं. कान मागे वळून डोक्याला चिकटले, की मांजर भांडणाच्या तयारीत आहे आणि कान फाटू नयेत म्हणून त्याने ते मिटून घेतले आहेत. यानंतर पंजा येतो.

डोळे, आणि सावकाश मिटण्याचा उपाय

बाहुल्या बघताना आधी खोलीतला उजेड बघा. अंधारात त्या मोठ्या होणार आणि दुपारच्या उन्हात रेघेएवढ्या होणार, त्यात मनाचा काही संबंध नाही. पण लख्ख उजेडातही बाहुल्या बटणासारख्या काळ्याभोर झाल्या असतील, तर मांजर एकतर घाबरलंय किंवा खेळाच्या ऐन रंगात आहे. कोणतं ते कान आणि शेपूट सांगेल. दोन्हीतही त्याच्यासमोर उघडा हात नाचवू नका.

एकटक रोखून बघणं मांजराच्या भाषेत आव्हान असतं. घरी पाहुणे येतात, त्यांतल्या मांजरप्रेमी मावशी "अगं बाई, किती गोड!" म्हणत डोळे मोठे करून त्याच्याकडे झेपावतात आणि मांजर कपाटाखाली जातं. कोपऱ्यात मोबाईल बघत बसलेल्या, मांजर फारसं न आवडणाऱ्या काकांच्या मांडीवर मात्र ते जाऊन बसतं. काका रोखून बघत नाहीत, ओढत नाहीत, हलत नाहीत. मांजराच्या दृष्टीने तेच घरातले सभ्य गृहस्थ.

"मांजर डोळे मिटून दूध पितं" असं आपण लबाडीसाठी म्हणतो. पण मांजर तुमच्यासमोर डोळे अर्धवट मिटतं तेव्हा त्यात लबाडी नसते, तुमचा धोका वाटत नसल्याची ती खूण असते. ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली हे तपासून बघितलं. माणसाने सावकाश डोळे मिचकावले तर मांजरंही उलट तसेच डोळे मिचकावतात आणि अनोळखी माणसाच्या पुढे केलेल्या हाताजवळही जास्त येतात, असं त्यांना दिसलं.

करून बघायचं तर असं: पाच-सहा फुटांवर, जमिनीवर बसा. चेहरा सैल सोडा. मांजराकडे बघून पापण्या सावकाश अर्ध्या मिटा, मग पूर्ण मिटा, क्षणभर थांबून तितक्याच सावकाश उघडा आणि नजर बाजूला वळवा. दोन-तीनदा करा आणि सोडून द्या. पहिल्या दिवशी उत्तर येईलच असं नाही. खारीला मी आणली तेव्हा ती चार दिवस वॉशिंग मशीनच्या मागे होती. पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने तिथूनच डोळे मिटून उत्तर दिलं. माझी आजी म्हणायची, "मांजराला हाका मारू नयेत, आपण बसून राहावं." ती हेच सांगत होती.

मिशांचं थोडक्यात. बाजूला सैल पसरलेल्या असतील तर सगळं ठीक. पुढे ताणल्या तर शिकार किंवा खेळ. गालाला चिकटून मागे गेल्या तर भीती.

अंगाचा बांधा

अंग चोरून, जमिनीलगत चालणारं मांजर घाबरलेलं असतं. पाय सोडून आडवं पडलेलं मांजर निवांत असतं. एवढं सगळ्यांना कळतं. फसगत होते ती दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण पोट. मांजर लोळण घेऊन पोट दाखवतं आणि आपला हात आपसूक तिकडे जातो. पोट ही त्याची सगळ्यात नाजूक जागा. ती उघडी टाकणं हा विश्वास आहे, पण "इथे खाजव" असा त्याचा अर्थ बहुतेक मांजरांच्या बाबतीत होत नाही. तुम्ही बघा, कौतुक करा, हात लावायचाच तर गालाला लावा. कान मागे टाकून, चारही पंजे वर करून पाठीवर पडलेलं मांजर तर भांडणाच्या पवित्र्यात असतं.

दुसरं ठिकाण, जिथे मी फसले ते, म्हणजे पाय दुमडून बसणं. थंडीत मांजर पावाच्या लादीसारखं बसतं. सुखाने बसलेल्या मांजराचे खांदे सैल असतात, मान वर असते, डोळे झोपाळू असतात आणि पंजे छातीखाली नीट मुडपलेले असतात. दुखणारं मांजरही लांबून तसंच दिसतं, पण पाठ कमानीसारखी वर आलेली, डोकं खांद्यांच्या खाली गेलेलं आणि पंजे जमिनीवर टेकवून अंग तोलून धरलेलं असतं. नाव घेतलं तरी कान हलत नाहीत. नाशिकच्या थंडीत ही गल्लत सहज होते. ओळखायला सोपं: मांजराला उबेत घ्या किंवा उन्हात ठेवा. गारठलेलं मांजर थोड्या वेळात पसरतं. दुखणारं तसंच आखडून बसून राहतं.

गाल, कपाळ, शेपटीचं बूड आपल्या पायांना घासत ते फिरतं, कारण तिथे वासाच्या ग्रंथी असतात आणि ते तुमच्यावर स्वतःचा वास चढवतं. पुढच्या पायांनी कणीक मळल्यासारखं करणं ही आईचं दूध पिताना पडलेली सवय आहे, ते समाधानात असतं. नखं लागत असतील तर मांडीवर जाड टॉवेल घ्या, ढकलू नका.

आवाज

मोठी झालेली मांजरं एकमेकांशी फारसं म्याव करत नाहीत. म्याव हे मुख्यतः आपल्यासाठी राखून ठेवलेलं असतं, आणि प्रत्येक घरात त्याचे सूर वेगळे जमतात. खारीचा जेवणाचा म्याव आखूड असतो, दार उघडण्याचा लांब आणि खालून वर चढणारा. आठ दिवसांच्या वहीत हेही लिहा.

तोंड मिटून काढलेला "प्रुर्र" हा लाडाचा पुकारा. आई पिल्लांना असंच बोलावते. फिस्कारणं म्हणजे भीतीने दिलेला इशारा. फिस्कारलं म्हणून मांजराला रागावू नका. ते चावायच्या आधी सांगतंय, हे तुमच्या फायद्याचं आहे. ते सांगणं तुम्ही बंद पाडलंत, तर पुढच्या वेळी थेट दात लागतील. ग्रिलवर कबुतर बसलं की खारी खिडकीत पोट टेकून जबडा कचकचवते. हनुवटी थरथरते, मिशा पुढे येतात, शेंडा वळवळतो आणि डोळ्यांतून कबूतर क्षणभरही सुटत नाही. तेव्हा तिला उचलायला गेलात तर ओरखडा नक्की.

आता घुरघुर. मांजर सुखात घुरघुरतं हे खरं. पण ते दुखत असताना, घाबरलेलं असताना, वितानाही घुरघुरतं. ससेक्समधल्याच संशोधकांनी २००९ मध्ये असंही दाखवलं, की खाणं मागताना मांजर घुरघुरीतच रडवेला, उंच सूर मिसळतं आणि तो माणसाला जास्त निकडीचा वाटतो. म्हणून घुरघुर ऐकली की डोळे आणि अंग बघायचंच. सैल अंग, मिटलेले डोळे, घुरघुर: सुख. आखडलेलं अंग, खाली गेलेलं डोकं, घुरघुर: तांबूची ती रात्र.

हात लावायची रीत

१. बसा. उभ्याने वरून हात आणू नका, वरून येणारी वस्तू मांजराला झडप वाटते.
२. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीला, थोडं लांब धरा आणि थांबा. त्याने वास घेऊन गाल घासला तर होकार. नुसतं हुंगून मान वळवली तर आज नाही.
३. गाल, हनुवटी, कानाच्या बुडाजवळ हलक्या हाताने चोळा. शेपटीचं बूड, पोट, पंजे सोडा.
४. तीन सेकंदांनी हात काढून घ्या. डोकं पुढे आलं तर पुन्हा सुरू करा. नाही आलं तर झालं.

चौथी पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि सगळ्यांत आधी तीच विसरली जाते. चोळत असताना पाठीची कातडी लाटेसारखी थरथरली, शेपटीचा शेंडा उडायला लागला, घुरघुर एकदम थांबली, डोकं हाताकडे झर्रकन वळलं, कान बाजूला पडले, यांतलं एक जरी दिसलं तरी हात काढा. घरात लहान मुलं असतील तर त्यांना ही तीन सेकंदांची मोजणी खेळ म्हणून शिकवा. माझा भाचा पाच वर्षांचा आहे, तो मोठ्याने "एक, दोन, तीन, विचार!" म्हणतो आणि हात मागे घेतो. खारी त्याच्याकडे आपणहून जाते.

तरीही नख किंवा दात लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांना दाखवा. रेबीजच्या लशीचं ते सांगतील. घरचंच मांजर आहे म्हणून हळद लावून गप्प बसू नका. मांजराचे दात बारीक आणि खोल जातात, वरून जखम छोटी दिसते आणि आत पू होतो.

दुखणं ओळखताना

मांजर दुखणं लपवतं. रानात अशक्त दिसणारा प्राणी दुसऱ्याचं भक्ष्य होतो, ती जुनी सवय गादीवर झोपणाऱ्या मांजरातही शाबूत आहे. म्हणून ओरडण्याची वाट बघू नका.

मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेर वळलेत का, डोळे बारीक झालेत का, नाक-तोंडाचा भाग ताणलाय का, मिशा ताठ झाल्यात का आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. प्रत्येकीला ० ते २ गुण. बेरीज १० पैकी ४ किंवा जास्त झाली तर वेदनेवर उपचार हवेत. झोपलेल्या, खात असलेल्या किंवा अंग चाटत असलेल्या मांजराला गुण देऊ नका, चुकतील. निवांत असतानाचा समोरून काढलेला एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा. शंका आली की शेजारी ताजा फोटो धरून बघा. मी हे आधी केलं असतं तर तांबूची दुपार वाया गेली नसती.

बाकी खुणा वहीतून कळतात. उडी मारणं सोडणं, अंग चाटणं बंद होऊन केस विस्कटणं, किंवा एकच जागा चाटून चाटून उघडी करणं, ट्रे सोडून दुसरीकडे शी-शू करणं, नेहमीची जागा टाकून पलंगाखाली राहणं. मांजर २४ तास काहीच खात नसेल तर थांबू नका, उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं. तोंड उघडं टाकून धापा टाकणं मांजरात कधीही साधं समजायचं नाही. आणि बोक्याची लघवी अडली तर "सकाळी बघू" म्हणायचं नाही, दोन दिवसांत जीव जातो.

घरातली क्रोसिन म्हणजेच पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका. मांजराला ती विष आहे, अर्ध्या गोळीतही.

ढोल, फटाके आणि लपण्याचा हक्क

गणपतीत नाशिक ढोल घुमतो, दिवाळीत चार दिवस फटाके, रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडींचा, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांचा, जल्लोष. या दिवसांत मांजर कपाटाच्या वर किंवा पलंगाखाली जाऊन बसलं, तर त्याला ओढून कुशीत घेऊ नका. आपल्याला वाटतं धीर देतोय, त्याला वाटतं पळायची वाट बंद झाली. आतल्या खोलीत पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, त्यात तुमचा वापरलेला कुडता घाला, खिडकी लावून घ्या, पाणी आणि ट्रे तिथेच ठेवा. आवाज सुरू व्हायच्या आधी ठेवा. बाहेर आलं की लगेच लाड नकोत, आधी शेपूट बघा.

हीच गोष्ट डॉक्टरांकडे न्यायच्या कॅरिअरची. तो माळ्यावरून फक्त दवाखान्याच्या दिवशी उतरला, तर त्याच्या खडखडाटानेच मांजर गायब होतं. आमच्याकडे कॅरिअर बाराही महिने हॉलमध्ये, दार काढून, आत तीच जुनी शाल घालून ठेवलेला असतो. दुपारी उन्हाची तिरीप तिथपर्यंत येते. तांबू आत झोपतो, पंजे छातीखाली नीट मुडपून, मान वर ठेवून.